सातव्या कडीचा आवाज

"दगड खोटं बोलत नाही. आपण विचारायचं, अन् गप बसून ऐकायचं."

निवृत्ती हे दिवसातून एकदा तरी म्हणायचा. कंपनीच्या बसमध्ये म्हणायचा, कडक चहाचा कागदी पेला हातात धरून म्हणायचा. एकदा आमच्या कामगार-कॅम्पातल्या नळाला पाणी येईना, तर त्याने पाइपावर बोटाचं पेर वाजवलं, कान लावला, वळणापाशी बोट ठेवलं आणि म्हणाला, "हितं अडलंय." प्लंबरने पाइप तिथंच कापला. आतून खडूसारखा पांढरा क्षाराचा गोळा निघाला. आम्ही सगळे तोंड उघडं टाकून बघत राहिलो. त्या दिवसापासून कॅम्पातले बिहारी, नेपाळी, मल्याळी सगळेच त्याला 'कान' म्हणायला लागले. "कान किधर है?" "कान सो गया क्या?"

त्या कानावर त्याचं पोट होतं. आमच्या कारखान्याचंही थोडंफार होतं.

मी शिवराज, गंगाखेडकडचा. कतारात, दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात, दगड-लोखंड कापायच्या एका कारखान्याची पिकअप चालवतो. निवृत्ती जिंतूरकडचा, पाथरवटाच्या घरातला. त्याचा बाप गावोगाव हिंडून पाट्यांना आणि जात्यांना टाकी लावायचा. वापरून वापरून दगड गुळगुळीत झाला की छिन्नीने त्याच्यावर पुन्हा बारीक खड्डे पाडायचे, त्याला टाकी म्हणतात. घाव घालण्याआधी बाप दगडावर टिचकी मारायचा. दगड गायला तर टाकी लावायची, आणि थड बोलला तर बाईला सांगायचं, माय, याच्या पोटात तडा आहे, याला हात लावत नाही. घरोघरी मिक्सर आले तेव्हा निवृत्ती फरशी कापायला शिकला, आणि फरशीच्या वाटेने इथवर आला.

इथं दगड पाण्याने कापतात. ते मशीन मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा उभा राहिला होता. खाली मोठा हौद, वर आडवा दांडा, दांड्याला बोटभर नोझल. नोझलमधून सुतळीएवढी पाण्याची धार निघते. पाणीच, ज्याने आपण चूळ भरतो ते. पण त्याच्या मागे मोटारीच्या टायरात असतो त्याच्या हजारपटीहून जास्त दाब असतो, आणि त्यात एका नळीतून लाल गार्नेटची वाळू ओढली जाते. त्या धारेने चार बोटं जाडीचं लोखंड माझ्यासमोर गुपचूप दोन झालं. पाणी दगड कापतं हे मला ठाऊक होतं. आमच्या गोदावरीच्या घाटाच्या पायऱ्या पाण्याने झिजलेल्या आहेत. पण तिथं त्याला शंभर पिढ्या लागल्या.

तरी लोखंड सोपं. अवघड काम सिरॅमिकचं. उत्तरेला, मदिनत अश शमालच्या पुढे एका ठिकाणी समुद्रातली वाळू पाण्यासकट ओढणारे मोठे पंप आहेत. ती वाळू लोखंडी पंप चार महिन्यांत खाऊन टाकते. म्हणून आतून सिरॅमिकच्या कड्या बसवतात. चहाच्या कपाचं सिरॅमिक नव्हे. हे पांढरंशुभ्र, थंडगार, पोलादाला ओरखडा काढणारं असतं. त्याच्या तळहाताएवढ्या जाड प्लेटी यायच्या आणि त्यातून आम्ही गोल कडी कापायची. काम मोठं होतं, आणि पहिल्या उन्हाळ्यात दहातल्या सहा प्लेटी फुटल्या.

कधी छेद पाडायला धार सुरू केली की पहिल्याच क्षणी टाच्‌कन कपची उडायची. कधी सगळं कापून व्हायचं आणि शेवटचं बोटभर राहिलं की आपोआप तडकायचं. आमचे गुरुप्रसाद साहेब नाशिकचे, राहायला मदिनत खलीफात. शिकलेला, शांत माणूस. पण त्या महिन्यात तेही कपाळ धरून बसायचे. त्यांनी दाब बदलला, वेग बदलला, नोझल बदलली. प्लेटी फुटतच राहिल्या.

एके दुपारी फुटक्या तुकड्यांच्या ढिगापाशी निवृत्ती उकिडवा बसला होता. साहेब म्हणाले, "काय रे, सुतक पाळतोयस का?"

"साहेब, ही अधांतरी निजलीय."

"कोण?"

"प्लेट. खाली लोखंडी पट्ट्या, मधी पोकळ. माझा बाप पाट्याखाली ओली वाळू, वर ओलं पोतं घातल्याबिगर घाव घालत नव्हता. पोकळीवर ठोकलं की दगड दचकतो."

"निवृत्ती, हे दीड कोटीचं मशीन आहे. पाटा-वरवंटा नाही."

"मशीन कुणाचं का असंना साहेब, दगड दगडच हाय."

साहेब हसले. मग हसायचे थांबले. मी तिथंच होतो, मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निवृत्तीला एक प्लेट दिली आणि म्हणाले, "कर तुझ्या बापासारखं." निवृत्तीने भंगारातून ग्रॅनाइटची एक लादी घेतली, तिच्यावर प्लास्टरचा ओला लेप दिला, प्लेट अशी दाबून बसवली की खाली हवेचा बुडबुडासुद्धा राहू नये. वरून एक पातळ रद्दी टाइल चिकटवली. म्हणाला, "पहिला घाव हिच्यावर. दाब कमी ठेवा. वाळू पाण्याला येऊन मिळंस्तोवर ही मार खाईल, मग धार खाली उतरू द्या." त्याचं म्हणणं असं होतं की धार सुरू होताना पाणी आधी पोचतं, वाळू क्षणभर उशिरा. तो क्षणभर नुसतं पाणी प्लेटीवर आदळतं, आणि तिथंच ती फुटते. कोपऱ्यावर धारेचं खालचं टोक मागे रेंगाळतं, म्हणून तिथं तो वेग कमी करायला लावायचा. "पाण्याचं डोकं पुढं गेलं साहेब, पाय मागं राहिलेत. येऊ द्या पाय."

ती प्लेट फुटली नाही. पुढची नाही, त्याच्या पुढचीही नाही. त्या आठवड्यात एकही फुटली नाही. साहेब प्रत्येक कडी हातात घेऊन उन्हात फिरवून बघायचे, जणू खोटी असेल अशी.

पण मुख्य काम निवृत्तीचा कान करायचा. वाळू नीट येत असली की धार खरखरत बोलते, आणि वाळू अडली की शिट्टी घालते. ऑगस्टात समुद्रावरून ओली हवा येते, गार्नेट दमट होऊन नळीत गोळा होतं, आणि वाळू तुटते. बाकीच्यांना कळायच्या आत निवृत्तीचा हात लाल बटणावर असायचा. आणि कडी कापून झाली की तो तिच्यावर टिचकी मारायचा. टण्ण. आवाज हवेत बराच वेळ राहायचा. मग तो मला म्हणायचा, "गाती. बांध." मी फोममध्ये गुंडाळून पिकअपमध्ये ठेवायचो.

तडा बघायची खरी रीत वेगळी आहे. अनम मॅडम क्वालिटीला आहेत, हैदराबादच्या. त्या कडीला लाल रंग लावून, पुसून, पांढरी पावडर मारून बघतात. तडा असला की लाल रेघ उमटते. पण एकेका कडीला वेळ लागतो. मग हळूहळू असं झालं की दहातल्या एका कडीला रंग लागायचा, आणि बाकीच्या नऊ निवृत्तीच्या टिचकीवर जायच्या. असं कागदावर कुणी लिहिलं नाही. सगळ्यांना ते सोयीचं होतं.

मशीनपाशी गोंगाट अडवणारी कानपट्टी कानांवर लावायचा नियम आहे. निवृत्तीची कायम गळ्यात. अनम मॅडम रोज ओरडायच्या, "निवृत्ती भाई, वो गले का हार नहीं है! कान पे लगाओ!"

"कान झाकलं तो सुनूंगा किससे मॅडम?"

पाण्याखाली बुडवून कापलं तर आवाज निम्म्याने कमी होतो. साहेबांनी दोनदा सांगितलं. निवृत्ती हौदातलं पाणी उतरवून ठेवायचा. "बुजक्या आवाजात मला काय कळणार?" साहेब पुढे काही बोलायचे नाहीत. कड्या चांगल्या येत होत्या. मीही त्या गोंगाटात दोन मिनिटं उभा राहिलो की माझ्या कानात रात्रभर किडे ओरडायचे. मला वाटायचं, याचे कान वेगळे असतील. जात्याच्या घरातले.

अशी तीन वर्षं गेली.

आता मागे वळून बघतो तर खुणा ठिकठिकाणी पडल्या होत्या. एका शुक्रवारी आम्ही सूक वाकिफच्या जुन्या बाजारात गेलो होतो. तिथं मातीच्या सुरया मांडलेल्या होत्या. निवृत्तीने दोन-तीन सुरयांवर पेर वाजवलं, एक उचलली, म्हणाला, "ही गाती." खोलीवर आणून भरली. सकाळी खाली पाणीच पाणी. आम्ही पोट धरून हसलो. "कान, तुझी सुरई रडती रे!" तोही हसला. पण त्याने ती सुरई फेकली नाही. कितीतरी दिवस ती त्याच्या खाटेखाली कोरडी पडून होती.

दिवाळीला गुरुप्रसाद साहेबांनी फराळाला बोलावलं होतं. त्यांची मुलगी गार्गी सहा वर्षांची, आवाज चिमणीसारखा. ती निवृत्तीच्या मागे चकलीची बशी घेऊन उभी राहिली. "अंकल. अंकल. अंकल!" निवृत्ती पुढे बघत सोफ्यावर बसून राहिला. ती बापाकडे जाऊन म्हणाली, "बाबा, ही इज इग्नोरिंग मी." साहेबांच्या बायको, शैलजा वहिनी, कानकोंड्या झाल्या, म्हणाल्या, "दमले असतील गं." मलाही राग आला. लेकराशी असं वागतात का?

आणि घरी तो साधा फोन लावेनासा झाला होता, व्हिडिओ कॉलच करायचा. त्याची बायको संजीवनी वहिनी मला म्हणाल्या होत्या, "भाऊजी, ह्यांना काय झालंय? तोंड दिसलं तरच बोलतात. अन् मी काहीबी म्हणलं तरी नुसतं हसतात." मी म्हणालो, वहिनी, तुमचं तोंड बघावंसं वाटत असेल. त्या लाजल्या. मी मोठा शहाणा.

या सप्टेंबरात बारा कड्या उत्तरेला पोचवायच्या होत्या. पंप उघडून ठेवलेला होता, तिकडचे लोक वाट बघत होते. सकाळी निवृत्ती एकेकीवर टिचकी मारत होता आणि मी बांधत होतो. टण्ण. "गाती. बांध." टण्ण. "गाती. बांध." सहा झाल्या.

सातवीवर त्याने टिचकी मारली आणि आवाज आला, थड.

फुटक्या माठाचा असतो तसा. आवाज निघाला आणि तिथंच मेला. मी फोम हातात धरून उभा राहिलो.

निवृत्तीने मान जराशी तिरकी केली. डोळे मिटल्यासारखे केले. "गाती," तो म्हणाला, "बांध."

मी त्याच्याकडे बघितलं. तो आठवी उचलत होता. त्याच्या तोंडावर काही नव्हतं. दुकानदार पैसे न मोजता खिशात घालतो तसा निवांत. मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. मला वाटलं बाहेरून ट्रक गेला असेल. आणि मी, मी ती बांधली. बाराच्या बारा बांधल्या, गाडी काढली, शमाल रस्त्याला लागलो.

रस्ता सरळ आहे, दोन्हीकडे पांढरं वाळवंट. तो आवाज माझ्याबरोबर गाडीत बसला होता. अर्ध्या वाटेवर एका पेट्रोल पंपावर मी गाडी बाजूला घेतली. मागचं फळकूट पाडलं. सहावी कडी उघडली, बोटाच्या पेराने वाजवली. टण्ण. आठवी वाजवली. टण्ण. सातवी उघडली.

थड.

मी निवृत्तीला फोन लावला.

"हां शिवा!" मागे कारखान्याचा गोंगाट. "पोचलास का?"

"निवृत्ती, सातवी फुटकी आहे."

"बरं बरं. सावकाश उतरव."

"अरे फुटकी आहे! सातवी! तडा आहे तिच्यात!"

"हो हो. इन्शाल्ला. जेवून घे तिकडंच."

मग काय सुचलं कुणास ठाऊक, मी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "निवृत्ती, तुझ्या खोलीला आग लागलीय."

"बरं," तो हसत म्हणाला. "ये मग. यल्ला, चल, ठेवतो."

फोन कानाला तसाच धरून मी किती वेळ उभा होतो ते मला सांगता येणार नाही. पंपावरचा माणूस येऊन विचारून गेला, तबियत ठीक है? सुरई, चकलीची बशी, संजीवनी वहिनींचं बोलणं, सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढे येऊन उभं राहिलं. मी कड्या पुन्हा बांधल्या आणि गाडी दोह्याकडे वळवली.

निवृत्ती मशीनपाशी होता. डाव्या हाताचा अंगठा वाळूच्या नळीवर टेकवलेला. कित्येक महिने मी तो अंगठा तिथं बघत होतो. वाटायचं, सवय आहे. आज मला कळलं की तो नळीतून जाणारी वाळू अंगठ्याने ऐकतोय.

मी त्याला हाताला धरून गार्नेटच्या गोण्यांमागे नेलं. सातवी कडी उघडून गोणीवर ठेवली आणि टिचकी मारली.

तो कडीकडे बघत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. "गाती की," तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

मी मान आडवी हलवली.

तो गोणीवर बसला. हळूच, जणू खाली काही फुटेल अशा बेताने. मी त्याच्यासमोर तोंड आणून विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील." आता तो फार मोठ्याने बोलत होता. इतके दिवस आवाज बेतून बोलायचा, हेही मला तेव्हाच कळलं. "आधी वाटलं, प्लेटीच मुक्या आल्यात. नवा माल हलका असंल. माणसं जाडं बोलली की कळतं रे मला, तोंड बघून बाकीचं जुळवतो. बारीक आवाज तेवढे गेले. एक दिवस माझ्या हातातून अख्खी कडी खाली पडली. समदे उडाले जागेवरून. अन् मला वाटलं, फडकं पडलं."

"मग गाती गाती काय म्हणायचास?"

"बोटाला कळतं की. चांगली कडी वाजवली तर बोटात मुंगी चावल्यागत होतं. मोठा तडा असला की मुंगी नाही चावत." त्याने सातवी उचलली, टिचकी मारली, आणि बोटाचं टोक कितीतरी वेळ बघत राहिला. "केसागत तडा बोटाला लागत नाही, शिवा."

मला त्याचा राग आला होता आणि रडायलाही येत होतं. मी म्हणालो, "सांगायचंस तरी! मला सांगायचंस!"

"माझा बाप पन्नाशीत ठार बहिरा झाला," तो म्हणाला. मी विचारलेलं त्याने ऐकलं की नाही कुणास ठाऊक. "छिन्नीच्या आवाजानं. पण मरंस्तोवर टाकी लावली. गाव म्हणायचा, काय कान हाय म्हाताऱ्याचा! अरे, माझी आई संगं असायची, बायडाबाई. बाप टिचकी मारायचा अन् बघायचा आईकडं. तिनं मान हलवली की टाकी लावायची. नाही हलवली की दगड बाजूला. जन्मभर कुणाला उमगलं नाही." त्याने सातवी गोणीवर ठेवली. "मला हितं मान हलवणारं कोण हाय?"

गोण्यांपलीकडे मशीन किंचाळत होतं. माझ्या मनात आलं ते मी बोलून गेलो. "मी हलवीन. बांधायला मीच तर असतो. तू टिचकी मार, मी मान हलवतो. कुणाच्या बापाला कळणार नाही. हिला भंगारात टाकू, दुसरी कापू, खलास."

त्याने माझ्या ओठांवरून शब्दन् शब्द वेचला. त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं, जमलं. काम टिकलं, त्याचा कान टिकला.

मग त्याने विचारलं, "अन् आजवर गेल्यात त्या?"

तिकडे चालू पंपापाशी माणसं उभी असतात. ती कडी जोरात फिरणाऱ्या पाण्यावाळूत फुटली तर काय होतं ते मी पाहिलेलं नाही, पण मला कल्पना करता येते.

निवृत्ती उठला. सातवी कडी छातीशी धरली, लेकरू धरावं तशी, आणि साहेबांच्या केबिनकडे चालू लागला. मी मागून हाक मारली. त्याला ती अर्थातच ऐकू गेली नाही.

गुरुप्रसाद साहेब आणि अनम मॅडम कुठलेसे कागद बघत होते. निवृत्तीने कडी टेबलावर ठेवली, टिचकी मारली. थड. मॅडमनी चटकन वर बघितलं.

"साहेब, हिला मी सकाळी चांगली म्हणून पाठवली. शिवानं परत आणली म्हणून तुम्हाला दिसती. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. मी लबाडी केली."

साहेबांच्या हातातला पेन तसाच राहिला. "दोन वर्षं?" ते म्हणाले. "निवृत्ती, मी त्या प्रत्येक कडीवर सही केलीय. मला का नाही सांगितलंस?"

निवृत्तीने त्यांच्या ओठांकडे बघून घेतलं. "तुम्ही कधी विचारलं नाही साहेब. कानपट्टी गळ्यात रोज दिसत होती तुम्हाला."

अनम मॅडम खाली बसल्या. "मैं रोज़ बोलती थी," त्या पुटपुटल्या, आणि मग, "बोलती ही थी."

साहेबांनी फोन उचलला आणि उत्तरेला सांगितलं, आमच्याकडून आलेली एकही कडी बसवू नका, बसवलेली असेल तर पंप थांबवा, सगळ्या पुन्हा तपासायच्या आहेत. तिकडून कुणीतरी ओरडत होतं, ते मला टेबलाच्या अलीकडे ऐकू येत होतं. साहेब "हो, चूक आमची" एवढंच म्हणत राहिले.

मग निवृत्तीने विचारलं, "गोदामातल्या आणू का?"

आम्ही त्या आणल्या. आज बांधलेल्या अकरा आणि गोदामातल्या वीस. लांब टेबलावर फडकी अंथरून एकेक मांडली. अनम मॅडम रंगाची बाटली आणायला निघाल्या तर निवृत्ती म्हणाला, "मॅडम, रंग मग लावा. आधी आप इधर खड़े रहो. मेरे सामने."

त्या समोर उभ्या राहिल्या. निवृत्तीने पहिलीवर टिचकी मारली. टण्ण. आणि त्याने मॅडमच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना कळलं. त्यांनी मान हलवली. तो पुढे सरकला. टण्ण. मान. टण्ण. मान. साहेब कपाटाला टेकून उभे होते. तेवढं एकच चाललं होतं, टिचकी आणि मान, आणि त्याचे डोळे त्या बाईच्या तोंडावर असे लागलेले की माझ्याच्याने बघवेना. चौदावीला मॅडमनी मान आडवी हलवली. त्याने ती बाजूला ठेवली. एकोणतिसावीलाही आडवी. तीही बाजूला ठेवली. मग रंग लावला. त्या दोन्ही कड्यांवर लाल रेघ उमटली, केसाएवढी. बाकीच्या स्वच्छ निघाल्या.

साहेब जवळ आले. निवृत्तीसमोर उभे राहून, तोंड नीट दिसेल असं, म्हणाले, "त्या नळीवर तू जिथं अंगठा ठेवतोस, तिथं मी सेन्सर लावणार आहे. वाळू तुटली की मशीन आपोआप बंद होईल. आधीच लावायला हवा होता. उद्या तुला क्लिनिकला नेतो, कान दाखवू. पण..." त्यांनी मशीनकडे बघितलं. "मशीनवर नाही ठेवता येणार. पॅकिंगला राहशील?"

"घरी विचारतो," निवृत्ती म्हणाला. "संजीवनीचं तोंड दिसल्यावर."

त्याने गळ्यातली कानपट्टी काढली. तीन वर्षं तिथं असून ती नवीकोरी होती. टेबलावर, पास झालेल्या कड्यांच्या शेजारी ठेवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो निघाला.

दुपारचे चार वाजले असतील. कारखान्याचं मोठं दार उघडं होतं, बाहेर ऊन पांढरं पडलेलं. दुसऱ्या पाळीच्या नेपाळी ऑपरेटरने मशीन सुरू केलं होतं. निवृत्ती त्याच्या शेजारून गेला, गोण्यांच्या शेजारून गेला. केबिनच्या दारात आम्ही तिघं उभे होतो. साहेब, मॅडम आणि मी.

तो दारापाशी पोचला आणि मागे धारेचा आवाज फाटला. लांब, बारीक शिट्टी. वाळू तुटली होती. आम्ही तिघंही दचकून मशीनकडे वळलो. साहेब "बंद कर, बंद कर!" म्हणून ओरडले, ऑपरेटरचा हात बटणावर पडला, शिट्टी थांबली.

मी परत दाराकडे बघितलं. निवृत्ती उन्हात बराच पुढे गेला होता, आणि त्याची चाल जराही तुटली नव्हती.